लेकराचा सातबारा



सोयाबीन घरात आले, मळणी उरकत आली, आता रब्बीच्या पेरणीची घाई. दरवर्षी या सुमारास मी या सदरात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेवर लिहितो. यंदा तो विषय एक आठवडा पुढे ढकलतो आहे. कारण दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील, आणि त्यांच्या पाठोपाठ यात्रांचा हंगाम सुरू होईल. त्याआधी एक गोष्ट तुमच्या घरात व्हावी अशी इच्छा आहे.

गावच्या बैठकीत मी शेतकऱ्यांना कधीकधी एक प्रश्न विचारतो. तुमचा गट नंबर किती? सगळे धडाधड सांगतात. क्षेत्र किती, पोटखराबा किती, तेही सांगतात. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो. त्याचे शेवटचे चार आकडे तोंडपाठ असलेले लोक मी पाहिले आहेत. बैलाचे तर विचारूच नका. रंग कोसा, कपाळावर चांद, डावे शिंग किंचित आत वळलेले, उजव्या पुठ्ठ्यावर डाग. बैल चोरीला गेला तर चार जिल्ह्यांच्या बाजारांत ओळखून काढतील असे वर्णन!

मग मी दुसरा प्रश्न विचारतो. धाकट्या लेकराची उंची किती? अंगावर तीळ कुठे आहे? आज सकाळी त्याने कोणत्या रंगाचा सदरा घातला होता? बैठक गप्प होते. कोणी तरी म्हणतो, "घरात विचारून सांगतो." सगळे हसतात.

मीही एकेकाळी असाच हसलो असतो. पण २००३ सालच्या मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत माझे हसू गेले. ती हकीकत आधी सांगतो.

माझी हकीकत

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. घोडे, गाढवे, उंट, बैल, तमाशाचे फड आणि माणसांचा समुद्र. तिथल्या कृषी प्रदर्शनात माझी नेमणूक होती. मंडळी आणि चार वर्षांचा मुलगा यात्रा पाहायला आले होते. दुपारी मंडळी देवदर्शनाला गेल्या आणि मुलाला माझ्याजवळ ठेवून गेल्या. मी एका शेतकऱ्याला तुरीच्या मर रोगाविषयी सांगत होतो. पाच मिनिटे झाली असतील, नसतील. वळून पाहिले तर खुर्ची रिकामी.

आधी मांडवामागे पाहिले, मग शेजारच्या मांडवात, मग घोड्यांच्या बाजाराकडे धावलो. अर्धा तास असा एकट्याने वेडावाकडा धावण्यात गेला. "आत्ता सापडेल, उगीच बभ्रा कशाला," हा विचार डोक्यात. शेवटी पोलीस चौकीच्या तंबूत गेलो. तिथल्या हवालदारांनी वही उघडली आणि शांतपणे विचारले, "अंगावर काय आहे?"

मी म्हणालो, "लाल स्वेटर."

"नाव?"

मी शाळेत घालण्यासाठी ठरवलेले पूर्ण नाव सांगितले. भोंग्यावरून पुकारा सुरू झाला. लाल स्वेटर घातलेला, अमुक नावाचा चार वर्षांचा मुलगा. तासभर तो पुकारा साऱ्या यात्रेवरून फिरत होता.

मंडळी धावत आल्या तेव्हा पुकारा ऐकूनच त्यांनी कपाळावर हात मारला. स्वेटर दुपारच्या उन्हात मुलाने काढला होता आणि तो माझ्याच खुर्चीच्या पाठीवर लटकत होता. अंगात पिवळा सदरा होता. आणि ज्या नावाने पुकारा चालला होता, ते आपले नाव आहे हे त्या लेकराला पुरते ठाऊकही नव्हते. घरीदारी सगळे त्याला छोटू म्हणत.

मंडळींनी कोणाची वाट पाहिली नाही. दुकानांच्या रांगेतून "छोटू, छोटू" अशा हाका मारीत त्या चालत सुटल्या. आमच्या मांडवापासून शंभर पावलांवर एका बांगड्यांच्या दुकानामागून उत्तर आले. एका कासारणीने त्याला गोणपाटावर बसवले होते, हातात भजे दिले होते. तिने पुकारा ऐकला होता. पण तिच्याजवळच्या पोराच्या अंगात लाल स्वेटर नव्हता, आणि नाव विचारले तर ते "छोटू" म्हणे. बापाचे नाव "बाबा", गावाचे नाव "आपलं घर". ती बिचारी म्हणाली, "दुकान सोडून जाता येईना आन् लेकरू परक्याच्या हाती देववेना. दोघातिघांपाशी चौकीला निरोप धाडला, कुणी पोचवला न्हाई."

मी पोहोचलो आणि मुलाला पाहताच माझा हात वर गेला. दीड तासाची भीती रागाच्या वाटेने बाहेर पडत होती. त्या बाईने माझे मनगट धरले. "मारू नका साहेब," ती म्हणाली. "आज मारलं तर पुढच्या टायमाला हरवल्यावर सापडायला भिईल."

मी कृषी पदवीधर माणूस. पिकाच्या पानावरून कोणत्या अन्नद्रव्याची कमतरता आहे ते सांगतो. पण माझ्या लेकराचे वर्णन मला चुकीचे सांगता आले होते, आणि त्या चुकीमुळेच शंभर पावलांवरचे मूल तासभर सापडले नव्हते. मूल हरवते त्या घडीला माणसाची बुद्धी जागेवर नसते. तेव्हा आठवू म्हटले तर आठवत नाही. जे काही करायचे ते मूल डोळ्यांसमोर असताना करून ठेवायचे. आजच्या लेखात एवढेच सांगायचे आहे. बाकीचा सगळा त्याचा विस्तार.

एका कागदाची नोंद

जमिनीचा सातबारा काढतो तसा प्रत्येक मुलाचा एक कागद घरी तयार करा. वहीचे एक पान पुरे. त्यावर पुढील गोष्टी लिहा.

पूर्ण नाव आणि त्याखाली घरात हाक मारतात ते नाव. जन्मतारीख. उंची आणि वजन. केसांची ठेवण, डोळ्यांचा रंग. अंगावरच्या खुणा: तीळ, भाजल्याचा डाग, पडल्याचा व्रण, कुठे टाके पडले असतील तर ते. खूण कोणत्या बाजूला आहे तेही लिहा. डाव्या दंडावरचा बीसीजी लसीचा व्रण ही खूण समजू नका. तो निम्म्या गावाच्या दंडावर असतो. दात पडलेले असल्यास कोणते. बोलताना अडखळते का, कमी ऐकू येते का, चष्मा आहे का. फिट्स, दमा असा काही आजार आणि त्याचे औषध. रक्तगट. आधार क्रमांक. जिवलग मित्र-मैत्रिणींची नावे आणि त्यांच्या घरचे फोन. जिथे जायला मुलाला आवडते ती ठिकाणे: मामाचे गाव, आत्याचे घर, क्रिकेटचे माळरान.

उंची मोजायला टेप शोधत बसू नका. मुलाला चौकटीला उभे करून डोक्याच्या रेषेत पेन्सिलीची खूण करा, बाजूला तारीख घाला. गुढीपाडवा आणि दसरा असे वर्षातून दोन दिवस ठरवा, म्हणजे चुकणार नाही. त्याच दिवशी दोन फोटो काढा, एक चेहऱ्याचा समोरून, टोपी-गॉगल न घालता. दुसरा उभा, पूर्ण अंगाचा. पाच वर्षांखालच्या मुलाचा फोटो तीन महिन्यांनी बदला, कारण त्या वयात चेहरा झपाट्याने पालटतो. लग्नात फेटा बांधून काढलेला सुंदर फोटो ओळख पटवायच्या कामाचा नसतो. फोटो मोबाइलमध्ये असला तरी दोन प्रती छापून कागदाला लावा. मोबाइल नेमका त्याच दिवशी बंद पडतो.

आधारचीही एक गोष्ट. पाच वर्षांखालील मुलाचे आधार बोटांच्या ठशांशिवाय निघते. मूल पाच वर्षांचे झाले की ठसे आणि डोळ्यांची नोंद करून घ्यावी लागते आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. पुष्कळ घरी हे राहून जाते. वर्षानुवर्षे हरवलेली मुले संस्थेत असताना आधार काढायला नेली, तेव्हा ठसे आधीच नोंदलेले असल्याचे निघाले आणि त्यावरून घर सापडले, असे नागपुरात घडलेले आहे. जे मूल बोलू शकत नाही किंवा समजेने मागे आहे, त्याच्यासाठी तर ही नोंद फार मोलाची. अशा मुलाच्या गळ्यातल्या ताईतात फोन नंबराची चिठ्ठीही घालून ठेवावी.

एक कागद सातबाराच्या पिशवीत, दुसरी प्रत आजीआजोबांकडे किंवा मामाकडे ठेवा.

मुलाला काय शिकवावे

पाढे पाठ होतात तसे मुलाला चार गोष्टी पाठ करून घ्या. स्वतःचे पूर्ण नाव, आईबापाचे नाव, गाव-तालुका-जिल्हा आणि एक मोबाइल नंबर. नंबर चालीवर म्हणायला लावला तर साडेतीन-चार वर्षांचे मूलही म्हणते. पण मग तो नंबर बदलू नका. स्वस्त योजना दिसली की सीम पालटायची आपली सवय आहे. लेकराच्या तोंडी बसलेला नंबर तेवढा चालू ठेवा.

गर्दीत चुकामूक झाली तर जागचे हलायचे नाही, हे त्याला सांगा. शोधणारा आणि हरवलेला दोघेही हिंडू लागले की गाठ पडत नाही. मदत मागायची तर गणवेशातल्या पोलिसाकडे, दुकानात बसलेल्या माणसाकडे किंवा लेकरू कडेवर असलेल्या बाईकडे मागायची, आणि त्यांच्याबरोबर कुठे जायचे नाही, तिथेच थांबायचे. यात्रेला निघताना मुलाच्या मनगटावर पेनाने नंबर लिहा किंवा आतल्या खिशात चिठ्ठी घाला. सदऱ्यावर बाहेरून ठळक नाव लिहू नका. नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचा वाटतो. निघण्याआधी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढा. माझ्या लाल स्वेटरची चूक तुमच्याकडून होणार नाही.

आणखी एक जुनी युक्ती. गडावर दरवाजा उघडण्यासाठी परवलीचा शब्द असे, तसा घरात एक शब्द ठरवा. शाळेतून न्यायला कोणी आले आणि "तुझ्या बाबांनी पाठवलंय" म्हणाले, तर मुलाने तो शब्द विचारायचा. सांगता आला नाही तर परत गुरुजींकडे जायचे. हा नियम चुलत्या-मावशांनाही लागू ठेवा. लेकरांना फसवणारा दर वेळी परका असतोच असे नाही. बहुधा ओळखीतलाच निघतो. म्हणून "अनोळखी माणसाशी बोलू नको" एवढी शिकवण अपुरी पडते. "कोणीही आईपासून लपवायला सांगितलं तर ते आधी आईला सांगायचं," ही शिकवण जास्त कामाची.

हरवले तर पहिला तास

घरातून किंवा शेतातून लहान मूल दिसेनासे झाले तर आधी पाण्याकडे धावा. विहीर, शेततळे, कालवा, पाण्याची टाकी. इतर ठिकाणी मूल तासभर थांबू शकते, पाण्यात थांबू शकत नाही. त्यानंतर घर: कणगीमागे, कडब्याच्या गंजीत, लोखंडी पेटीत, बंद मोटारीत, पलंगाखाली. रडून दमलेले पोर कुठेही झोपी जाते. याला दहा-पंधरा मिनिटे पुरेत.

शेततळ्याविषयी मला थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण ते माझ्या खात्याचे काम. २०१६ सालापासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून गावोगावी तळी झाली. मी स्वतः किती तरी तळ्यांची मापे घेतली. लांबी, रुंदी, खोली आणि उतार काटेकोर पाहिले. कुंपणाची मात्र तेवढ्या काटेकोरपणे विचारपूस केली नाही, हे आज कबूल करतो. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याचा उतार इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्या गड्यालाही वर चढता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर खुंट्यांना बांधून पाण्यापर्यंत सोडा, हवा भरलेल्या दोन जुन्या ट्यूब तरंगत ठेवा, आणि भोवती तारेचे कुंपण करून फाटकाला कडी लावा. निकामी बोअर उघडा ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच तो बुजवण्याबाबत सूचना दिल्या आहेत.

पंधरा मिनिटांत मूल मिळाले नाही तर माणसे वाटून घ्या. एकाने घरी थांबायचे, कारण मूल आपोआप परत येते तेव्हा घरी कोणी नसते. एकाने ११२ या नंबरावर फोन करायचा आणि कागद घेऊन पोलीस ठाण्यात जायचे. एकाने पोलीस पाटलांना सांगून देवळाच्या भोंग्यावरून पुकारा करायचा. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा असेल तर तिच्यावरून निरोप द्यायचा. एकाने एसटी स्थानक आणि काळीपिवळीचा थांबा गाठायचा. रेल्वेने गेल्याची शंका असेल तर १३९ या नंबरावर रेल्वे पोलिसांना कळवायचे. लहान मुलांसाठीचा १०९८ हा नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून शासनाच्या यंत्रणेमार्फत चालते. यात्रेत किंवा बाजारात मात्र पंधरा मिनिटेही थांबू नका. तडक चौकी गाठा.

मुलाचे अंथरूण आवरू नका, अंगातून काढलेले कपडे धुवायला टाकू नका. पोलिसांच्या श्वानाला वास देण्यासाठी ते लागतात.

पोलीस ठाण्यात

"चोवीस तास वाट पाहा, मग या," हे वाक्य खेड्यापाड्यांत अजून ऐकू येते. असा कोणताही नियम नाही. 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी निकाल दिला. त्यानुसार अठरा वर्षांखालील मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवावा लागतो, आणि दुसरे काही सिद्ध होईपर्यंत मूल पळवले गेले आहे असे धरूनच तपास करावा लागतो. चार महिन्यांत मूल मिळाले नाही तर तपास मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे द्यावा लागतो.

हद्दीचा वादही आता उरलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. मग तो योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. नोंदीची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका. कोणी नोंद करायला नकार दिला तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवता येते. भांडण करू नका. शांतपणे कलम सांगा आणि कागद पुढे ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा तर त्यावर तारीख आणि पोलीस ठाण्याचे नाव-नंबर घाला. मूल मिळाले की "मिळाले" असा निरोपही तितक्याच ठिकाणी पाठवा, नाहीतर तो फोटो पुढे चार वर्षे फिरत राहतो. "मूल माझ्याजवळ आहे, पैसे पाठवा" असा फोन आला तर पैसे पाठवू नका. कागदावर लिहिलेली पण कोणाला न सांगितलेली एखादी खूण विचारा आणि नंबर पोलिसांना द्या. त्यासाठी एक-दोन खुणा जाहीर न करता राखून ठेवा.

अब्रूचा प्रश्न

हरवलेले मूल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यात्रेतले रडणारे पोर येते. पण देशभराच्या पोलीस नोंदींत मुलींची संख्या मुलांपेक्षा पुष्कळ जास्त आहे, आणि त्यांतल्या बहुतेक वयात आलेल्या असतात. कोणी लग्न ठरवल्यामुळे घर सोडते, कोणी दहावीच्या निकालाला भिऊन, कोणी गोड बोलण्याला भुलून, कोणी घरातल्या माराला कंटाळून. मुलगेही मुंबई-पुण्याची गाडी धरतात.

आणि इथे आपण सर्वांत मोठी चूक करतो. मूल चार वर्षांचे असेल तर सारा गाव हाका मारतो. मुलगी पंधरा वर्षांची असेल तर दाराला आतून कडी लागते. "चार लोकांत नाव जाईल, आधी पाहुण्यांकडे गुपचूप विचारू." या गुपचूप शोधात दोन दिवस जातात, आणि त्या दोन दिवसांत गाडी दोन राज्ये ओलांडते. अब्रू राखण्याच्या नादात लेक गमावलेली घरे मी पाहिली आहेत. सहा वर्षांनीही त्या घरची आई एसटी थांबली की दारात येते.

अठरा वर्षांखालील मुलगी स्वतःच्या पायांनी गेली असली तरी कायद्याने ती मूलच आहे. ती मिळाल्यावर तिचे नाव छापू नये, तिची ओळख उघड करू नये अशी कायद्यात तजवीज आहे. तेव्हा त्याच रात्री ठाण्यात जा. आणि खरे सांगायचे तर याची तयारी कागदाने होत नाही. रोज संध्याकाळी मुलीशी, मुलाशी दोन शब्द बोलणे, ती काय म्हणते ते न रागावता ऐकणे, आणि अठराच्या आत तिच्या लग्नाचा विषय न काढणे, हीच ती तयारी.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

टोळीबरोबर मुले नेणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी कागदाच्या तीन प्रती कराव्यात. एक गावी आजीआजोबांकडे, एक आपल्या पेटीत, एक मुकादमाकडे. कारखान्याचे नाव, चिठबॉयचा फोन, खोप्या पडतात त्या गावचे आणि पोलीस ठाण्याचे नाव मुलाच्या कागदामागे लिहा. मुलालाही दोन्ही गावांची नावे पाठ करवा. फडात पहाटे कोयता चालू असताना लहान मुले पाचटावर झोपलेली असतात आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागेपुढे होत असतात. पाळीपाळीने एका बाईने फक्त मुलांकडे पाहावे, तिचा कोयता बाकीच्यांनी वाटून घ्यावा. शक्य तर मुलांना गावीच हंगामी वसतिगृहात ठेवा. शाळाही बुडत नाही.

अफवा आणि खबरदारी

दर एक-दोन वर्षांनी "पोरं पळवणारी टोळी आली आहे" अशी हूल उठते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे अशाच हुलीवर जमावाने पाच माणसांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले गरीब लोक होते. कोणाचे मूल त्यांनी पळवले नव्हते. त्यांच्या घरीही लेकरे वाट पाहत होती. संशयाचा माणूस दिसला तर ११२ वर कळवा आणि त्याला सुरक्षित बसवून ठेवा. खबरदारी वेगळी आणि भीती वेगळी. भीतीने मूल सापडत नाही, निरपराध माणूस मात्र मरतो.

तुम्हाला मूल सापडले तर

बालन्याय कायदा २०१५ प्रमाणे सापडलेल्या मुलाची खबर चोवीस तासांच्या आत पोलीस, १०९८ किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला देणे बंधनकारक आहे. दया आली म्हणून मूल घरी ठेवून घेणे आणि खबर न देणे हा गुन्हा ठरतो. "मीच याचा काका," म्हणत आलेल्या पहिल्या माणसाच्या हातीही मूल देऊ नका, पोलिसांसमक्ष द्या. मुलाला जिथे सापडले तिथेच थोडा वेळ बसवा, पाणी द्या आणि घरात काय म्हणतात ते नाव विचारा. माळेगावच्या त्या कासारणीने हे सगळे न शिकता केले होते. फक्त तिचा निरोप पोचवणारा कोणी निघाला नाही. पुढच्या यात्रेत तसा निरोप तुमच्याजवळ कोणी दिला, तर खरेदी बाजूला ठेवून तेवढा पोचवा.

मूल परत आले की त्याला आधी पोटाशी घ्या. मारू नका, आणि "गेलास का" हा प्रश्न दोन दिवस विचारू नका. चार दिवसांनी ते आपणहून सांगेल. जे सांगेल त्यात दुखापत किंवा अत्याचाराची गोष्ट असेल तर ती दडपू नका. डॉक्टर आणि पोलीस दोघांनाही सांगा.

माझा छोटू आता सहा फुटांचा झाला आहे. गेल्या दिवाळीत आमच्या जुन्या घराला रंग द्यायचा निघाला, तेव्हा रंगाऱ्याने स्वयंपाकघराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघा पुसाव्यात का म्हणून विचारले. पहिली रेघ २००४ च्या गुढीपाडव्याची. मंडळींनी तेवढी चौकट रंगवू दिली नाही.

तुमच्या घरी आज रात्री जेवणे झाली की पहिली रेघ काढा. कागदाला दहा मिनिटे लागतील. पुढच्या अंकी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेकडे वळू.